भगिनी म्हणायचं नाही

"हे दार बायकांचं आहे."

दासोमने सांगितलं तेव्हा तो एक बूट काढून, एका पायावर तोल सावरत उंबऱ्यात उभा होता. आणि त्या बुटाला असा काही वास... टेकडीवरच्या गिंकोच्या झाडांची सडकी फळं तुडवत स्वारी आली होती.

"मग पुरुषांचं कुठलं?"

"कोपऱ्यावरून वळलात की पलीकडे. शंभर वर्षांपूर्वी इथून आला असतात तर बायकांनी काठीने हाकललं असतं."

"आणि आता?"

"आता फक्त बूट बाहेर ठेवायला सांगतो. जरा लांब."

तो हसला आणि त्याचे कान लाल झाले. दासोमने ते कान पाहिले आणि तिथेच घोटाळा झाला.

त्याचं नाव हानग्योल. मुलांच्या मिशन शाळेत वर्षभराच्या बोलीवर इतिहास शिकवायला तो राजधानीहून, सोलहून आला होता. दासोम शेजारच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची आणि शनिवारी पाहुण्यांना हे जुनं चर्च दाखवायची. विळ्यासारखं, म्हणजे कोरियन लिपीतल्या पहिल्या अक्षरासारखं, गियोकसारखं काटकोनात वळलेलं चर्च. एका अंगाला बायका बसायच्या, दुसऱ्या अंगाला पुरुष, आणि वळणावर पाळक. पाळकांना दोन्हीकडचे दिसायचे. बायका-पुरुषांना मात्र एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. "दिसत काही नसे, पण शिंक ऐकू यायची," असं दासोम दर शनिवारी सांगायची आणि पाहुणे दर शनिवारी हसायचे.

त्या हसणाऱ्यांत हानग्योल हमखास असायचा. कधी विद्यार्थ्यांना घेऊन, कधी उगाचच. येताना कोटाच्या खिशात भाजलेलं रताळं.

"धरा भगिनी, हात गार पडलेत तुमचे."

भगिनी. चर्चमधली रीतच ती. इथे प्रत्येक बाई भगिनी आणि प्रत्येक पुरुष बंधू. दासोमही निमूटपणे म्हणायची, "आभारी आहे, बंधू." रताळं इतकं गोड आणि शब्द इतका अळणी.

"खिडकी उघडू, भगिनी?"

"उघडा, बंधू. वास जाईल."

"आज बूट पुसून आलोय."

"मग उजेडासाठी उघडा."

असं सगळं छान चाललं होतं. मग एका शनिवारी, बाहेर बारीक पाऊस असताना, त्याने सांगितलं की शाळा त्याला कायमचं ठेवून घ्यायला तयार आहे, पण सोलच्या एका शाळेनेही बोलावलंय. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"तुम्हाला काय वाटतं, भगिनी?"

राहा ना... दासोमच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भगिनीने बंधूला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"सोल मोठं आहे, बंधू."

"हो," तो म्हणाला. "मोठं आहे."

आणि पाहुण्यांच्या मागोमाग तो निघून गेला. दासोमला रडूच यायचं बाकी होतं. ती बायकांच्या बाजूच्या, जमिनीवर बसायच्या उशा उचलू लागली. तेवढ्यात अंगणातलं गवत कापून ओक्बुन आजी विळ्यासकट आत आल्या. चर्चची झाडलोट त्यांच्याकडे होती आणि ऐकू त्यांना जवळजवळ येत नसे.

"तोंड का गं एवढंसं?"

"काही नाही."

"आं?"

"काही नाही म्हटलं," दासोम ओरडली.

"तो सोलचा मास्तर आवडतो ना तुला?"

"आवडतो."

"आं?"

"खूप आवडतो," दासोमने आवाज आणखी चढवला.

"मग सांग की त्याला."

"काय सांगू? तो मला भगिनी म्हणतो. मला नाही व्हायचं त्याची भगिनी. त्याने इथेच राहावं, मला नावाने हाक मारावी... आणि जन्मभर मारावी."

आजींनी विळा तिच्या पुढ्यात ठेवला. "पुढ्यात विळा असून गियोक ओळखता येईना, म्हणतात ते तुमच्यासारख्यांनाच. आणि म्हणे शिक्षक."

त्याच वेळी कोपऱ्यापलीकडून, पुरुषांच्या बाजूने, एक शिंक आली.

दासोमच्या हातातली उशी खाली पडली.

"बंधू? तुम्ही... गेला नव्हतात?"

"छत्री राहिली होती."

"मग सापडली नाही?"

"केव्हाच सापडली. पाय निघेना."

"किती ऐकलंत?"

"सगळं. गावानेही ऐकलं असेल."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. समोर भिंतच होती तरीही.

"मी भगिनी म्हणायचो कारण... नावाने हाक मारली असती तर आवाजावरूनच सगळ्यांना कळलं असतं."

"मारून बघा."

"दासोम."

खरंच कळलं असतं. ती वळणाकडे चालू लागली. पलीकडून तोही येत होता, हातात छत्री आणि कान लालभडक.

"सोमवारी सांगतो त्यांना," तो म्हणाला. "राहतोय मी."

"माझ्यासाठी?"

"छे... इथल्या रताळ्यांसाठी."

दासोम हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला एकदम शंका आली. तिने वळून आजींना ओरडून विचारलं, "आजी, हा आत आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

आजींनी शांतपणे विळा उचलला.

"कान गेलेत माझे, पोरी. नाक शाबूत आहे. ते बूट बघ की पुरुषांच्या दारात."