साठपैकी शून्य

मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉ. फरीदा काझींनी शालन वाघचौरेंना पडद्यासमोर बसवलं आणि नजर कुठं वळते ते टिपणारा नेत्रवेधक सुरू केला. मेंदूतल्या रक्तस्रावाला तीन वर्षं झाली होती. शालनताईंचे फक्त डोळे हलत, पण कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून कधीच नाही. त्यांना बोललेलं कळतं का, ते आज ठरणार होतं. कळत नसेल तर त्या कायमच्या शुश्रूषागृहात जाणार होत्या, आणि त्यांच्यासाठी संशोधन सोडून आलेली त्यांची मुलगी इरावती आपल्या कामावर परतणार होती.

“पडद्यावर पिवळा आंबा आणि पिवळी साडी आहे,” काझी म्हणाल्या. “आवाज आधी फक्त ‘पिवळी’ म्हणेल. मराठी समजणाऱ्याची नजर पुढचा शब्द येण्याआधीच साडीकडे वळते. ते आपण ठरवून करत नाही, आपोआप होतं.”

इरावती आईच्या कानाशी वाकली. “आई, नीट बघ हं. तुला कळतंय एवढं दिसू दे, मग मी कुठ्ठे जाणार नाही. जन्मभर इथंच.”

साठ जोड्या झाल्या. काझींनी आकडा वाचला.

“एकही बरोबर नाही.”

इरावतीनं काझींचा हात धरला. “पुन्हा घ्या ना, मॅडम! दमलीय ती. एकदाच, पाया पडते तुमच्या...”

“थांब जरा.” काझी अजून आकड्याकडेच बघत होत्या. “साठपैकी शून्य? नुसतं इकडंतिकडं पाहिलं असतं तरी तीसेक उत्तरं बरोबर आली असती. दर वेळी चुकायचं, तर बरोबर कुठलं ते आधी कळायला हवं!”

त्यांनी नोंद संथ करून लावली. ‘पिवळी’ ऐकताच नजरेचा ठिपका साडीकडे झेपावला, अर्ध्या वाटेत अडला आणि ओढून नेल्यासारखा आंब्यावर गेला. पुढच्या प्रत्येक जोडीत तेच.

“त्यांना सगळं कळतंय, इरावती. तू मघाशी कानात बोललीस, तेसुद्धा.”

इरावती आईकडे वळली. “म्हणजे मी जावं म्हणून... तीन वर्षं, आई?” तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “आता नाही लपवता येणार तुला. नजर आधीच सांगून टाकते. मी नाही जाणार.”

शालनताई तिच्याकडे बघत राहिल्या.

खात्रीसाठी काझींनी दुसरी फेरी लावली. नवी चित्रं आली. आवाज म्हणाला, “हिरवा...”

शालनताईंनी डोळे मिटून घेतले. इरावती हाका मारत होती, विनवत होती. साठही जोड्या संपेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.