कोनाड्यातली पणजी

चुलीजवळ सरका, आणि मध्ये बोलू नका. फॉर्तुनातो माझा सख्खा साडू, त्यामुळे यात माझ्या पदरचं काही नाही. गेल्या वर्षीची गोष्ट, सान हुआनच्या सणाच्या आदल्या रात्रीची, म्हणजे ऐन जूनच्या कडाक्यातली.

त्या सकाळी तो तळ्यावरून लव्हाळ्याच्या चटया घेऊन आला. घर बायकोचं, बासिलियाचं; हा घरजावई. बाहेरची भिंत कच्च्या विटांची. रात्री तिला हात लागला तर गारठ्याने चटका बसल्यासारखा मागे यायचा. त्यांचं पहिलं मूल याच खोलीत छाती भरून गेलं होतं. आता दुसरा, विल्मेर, अजून रांगतही नव्हता. भिंतीला आतून जाड चटया ठोकायच्या, वर मातीचा गिलावा द्यायचा, म्हणजे हे पोर तरी जगेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पण त्याच भिंतीत कोनाडा होता, आणि कोनाड्यात बासिलियाची पणजी, सेबेरिना. म्हणजे तिची कवटी, लोकरी टोपी घातलेली. दर सोमवारी तिच्यापुढे कोकाची पानं आणि पेटती सिगारेट ठेवायचे. घर राखायचं काम तिचं.

"तिला विचारल्याशिवाय हलवायचं नाही," बासिलिया म्हणाली. "सोमवारपर्यंत थांब."

"थंडी थांबणार आहे का तुझ्या पणजीसाठी? आणि हलवतोय कोण? राहू दे तिथेच, वरून चटई मारतो."

"गारठेल ती. चुलीची ऊब आता इकडेच अडणार."

"हाडांना कसली गं थंडी?"

वर कोनाडा बुजवण्याआधी त्याने तिची टोपीही काढली. कसर लागली होती. संध्याकाळी सान हुआनच्या शेकोटीत सगळे जुनंपानं जाळतात, त्यात टाकली. सोमवारी नवी विण म्हणाला.

रात्री खोली पहिल्यांदाच उबदार झाली. तिघं एका अंथरुणात, मध्ये विल्मेर, डोक्याला लाल टोपी बांधलेली. फॉर्तुनातो स्वतःवर खूश होऊन झोपला.

पहाटे तीनला त्याला जाग आली. भिंतीत काहीतरी कडकडत होतं. दात... दातांवर दात.

"बासिलिया."

"ऐकतेय."

"उंदीर असेल."

...

मग आवाज थांबला. एकदम.

त्याने अंधारात पोराला चाचपलं. पोट गरम. गाल गरम. वर... टोपी नव्हती. टाळू बर्फ.

"दिवा लाव."

...

"फॉर्तुनातो, हा श्वास घेत नाहीये."

उजाडल्यावर बासिलियानेच कुदळ घेतली. गिलावा अजून ओला होता. कुठे चीर नाही, बोटाचा ठसा नाही. तिने चटई फाडली.

कोनाड्यात दंव साचलं होतं. पणजीच्या डोक्यावर लाल टोपी, ताणून बसवलेली. हनुवटीखाली गाठ.

बासिलियाने टोपीवर हात ठेवला. मग नवऱ्याचा हात धरून तिथे टेकवला.

टोपी गरम होती.