कारणाचा रकाना

मंगळवार, दिनांक नऊ जानेवारी, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. खोलीत खुर्च्या बारा, शिकाऊ आरोग्यसेविका सहा, सुया एकशे वीस. टोचून घ्यायला आलेली माणसे मात्र अकरा. बारावी खुर्ची रिकामी होती आणि ती नेमकी धाकटीच्या वाट्याच्या दोन खुर्च्यांपैकी होती.

तीन बहिणींतली शेवटची म्हणून ती घरात धाकटी. वस्तीवर मात्र केस पिकलेली माणसेही तिला ताई म्हणत. वस्ती दगडाच्या खाणीला लागून होती. डॉक्टर महिन्यातून एकदा येई; खांदे आणि कंबरा रोज दुखत. कानात बारीक सुया टोचून दुखण्याला थोडा उतार देण्याची विद्या शिकायला म्हणूनच तिला पाठवले होते. प्रमाणपत्र मिळाले तर वस्तीवर केंद्र. न मिळाले तर नाही. हिशोब इतका सरळ होता.

तेवढ्यात गळक्या नळाची तक्रार पाहायला पाण्याच्या टाकीवरचा पंपवाला आत आला. शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी परिचारिका म्हणून चाळीस वर्षे काढली होती. समोर आलेला माणूस वाया घालवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नळ इतके दिवस गळला, आणखी तासभर गळेल, असे म्हणून त्यांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. पाळ्यांमुळे झोपेचे खोबरे झाले आहे, उपयोग होणार असेल तर टोचा, असे म्हणत तोही बसला.

"दुखेल का?" त्याने विचारले.

"मुंगी चावल्यासारखं," धाकटी म्हणाली.

"लाल की काळी?"

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि पहिली सुई टोचली.

"काळी," तो म्हणाला... आणि डोळे मिटून घेतले.

पाऊण तास खोलीत कोणी बोलायचे नाही, टोचलेल्यांनी डोळे उघडायचे नाहीत, असा नियम होता. नळ तेवढा टिपटिपत होता. वेळ झाल्यावर धाकटी सुया काढू लागली. एका कानातल्या पाच निघाल्या. दुसऱ्या कानातली चौथी निघत असताना त्याने डोळे उघडले – वीतभर अंतरावरून. तिचा हात तिथेच थांबला. किती वेळ गेला कोण जाणे.

"झालं?" त्याने हळूच विचारले.

"झालं," ती म्हणाली.

पंप चालू करायची वेळ झाली होती. त्याने कानटोपी चढवली, पाना उचलला आणि तो गेला. मग तिने तबकातल्या दोन्ही खुर्च्यांच्या सुया मोजल्या; वीस हव्या होत्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीसच.

टोचलेल्या आणि काढलेल्या सुयांचा आकडा जुळला नाही, तर सुई सापडेपर्यंत कोणी खोली सोडायची नाही, असा बाईंचा दंडक होता. धाकटीला पाचही सोबतिणींच्या माना आपल्याकडे वळलेल्या दिसू लागल्या. आता रस्त्यावर धावायचे, त्या माणसाला हाका मारायच्या, भर रस्त्यात त्याची कानटोपी उतरवायची... तिच्या हातांनी तिच्या आधी निर्णय घेतला. तिने नव्या सुईचे पाकीट फोडले आणि सुई तबकात टाकली.

"वीस," तिने सांगितले. बाईंनी नोंदवहीत बरोबरची खूण केली.

नुसती चूक झाली असती तर ती सांगता आली असती. तिने चुकीवर पांघरूण घातले होते आणि ते पांघरूणही खोटे होते.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. त्याने काड्यापेटी पुढे केली. आत सुई होती.

"कानटोपी काढताना टोचली," तो ओशाळून म्हणाला. "मीच घाईत उठलो. तुमचं काम पुरं होऊ दिलं नाही. माफ करा."

माफी तिने मागायची, ती तो मागत होता. "असू दे," ती म्हणाली. हे दोन शब्द तिला पुढे चार आठवडे पुरले, दगडासारखे छातीवर.

तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागला आणि तिच्याच खुर्चीत बसू लागला. झोप सुधारली की नाही, हे विचारले की उत्तर टाळी. सुया काढून झाल्या तरी उठत नसे. सगळ्या मोजल्या का, मी हललो नाही ना, असे शहाण्या विद्यार्थ्यासारखे विचारी. त्याच्या प्रत्येक काळजीने तिची मान आणखी खाली जाई. आणि मान खाली गेली तरी ती वाट त्याचीच पाही, याची लाज आणखी वेगळी.

एकदा तिने विचारलेच, "सगळे मला ताई म्हणतात. तुम्ही काहीच म्हणत नाही. अडचण काय आहे?"

"आत्ता नाही," तो छताकडे पाहत म्हणाला. "म्हटलं तर पुढे अडचण होईल."

बाजूच्या खुर्चीतल्या आजींना नेमका तेव्हाच खोकला आला.

दोन फेब्रुवारीला, शिक्षणाच्या शेवटच्या शुक्रवारी, चार नवी माणसे आली होती. सुया टोचण्याआधी पंपवाल्याने त्यांना आपणहून बजावले, की उठायची घाई करू नका. पहिल्या दिवशी मी केली आणि कानात सुई घेऊन घरी गेलो, बिचाऱ्या यांना उगाच त्रास.

मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर घेतला. नोंदवही उघडली. नऊ जानेवारी, वीस टोचल्या, वीस काढल्या.

"कुठली सुई?" त्यांनी विचारले.

त्याने धाकटीकडे पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला काय कळले कोण जाणे; तो कसेनुसे हसला.

"काही नाही, बाई. गंमत केली."

आता तिच्यासाठी तो खोटे बोलला होता. एवढे मात्र तिला सोसले नाही.

"गंमत नाही," ती म्हणाली. "सुई राहिली होती. हे घाईत उठलेले नाहीत. 'झालं,' असं मीच यांना सांगितलं. विसावी म्हणून मी नवीच सुई तबकात टाकली."

बाई रागावल्या नाहीत. तेच जड गेले. त्यांनी चुकीच्या नोंदीचा कागद तिच्यापुढे ठेवला. तारीख, वेळ, सुयांची संख्या, लपवले असल्यास कसे – सगळे तिने लिहिले. 'कारण' या रकान्यात तिने लिहिले: निष्काळजीपणा.

बाईंनी तो शब्द खोडला. "ही शिवी झाली, कारण नव्हे. पुढच्या मुलीने काय टाळायचं, ते कळेल असं लिही."

धाकटीचे कान तापले. जमीन दुभंगली असती तर ती आनंदाने आत गेली असती. पण एक खोटे चार आठवडे पोसून तिला पुरते कळले होते, की दुसरे पोसण्याची ताकद आपल्यात नाही. तिने सावकाश लिहिले: 'नववी सुई काढताना रुग्णाने डोळे उघडले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मोजणी तिथे सुटली.'

बाईंनी ते दोनदा वाचले आणि निर्विकारपणे म्हणाल्या, "रुग्णाची सही लागेल. अभिप्रायही."

कागद त्याच्याकडे गेला. त्याने वाचले, आणि त्याचे कान टोचायच्या आधीच लाल झाले. धाकटी खिडकीबाहेर पाहत राहिली. पेन बराच वेळ चालले नाही. मग थोडे चालले. कागद परत आला तेव्हा तिला पाहावे लागले. अभिप्रायाच्या रकान्यात सहीच्या वर त्याने लिहिले होते:

'तक्रार नाही. त्या पाऊण तासात मी तीनदा डोळे उघडून यांच्याकडे पाहिले होते. नियम आधी मी मोडला.'

बाईंनी निकाल तिथेच दिला. प्रमाणपत्र रोखले, पुढच्या तुकडीबरोबर सगळे शिक्षण पहिल्यापासून, आणि पंपवाल्याने यापुढे दुसऱ्या कोणाच्याही खुर्चीत बसावे, धाकटीच्या नाही.

"खुर्चीपुरतंच ना, बाई?" त्याने विचारले.

"नोंदवहीत खुर्चीचंच लिहिता येतं," बाई म्हणाल्या.

दाराशी तो तिच्यासाठी थांबला. लाज गेली नव्हती. ती तिच्याबरोबरच बाहेर आली.

"वस्तीवर काय सांगू?" ती म्हणाली. "केंद्र माझ्यामुळे लांबलं."

"तेच सांगा. हवं तर मी बरोबर येतो."

"कोण म्हणून?"

"ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "ताई मी अजून म्हटलेलं नाही."

ती मान खाली घालून चालू लागली... पण इतक्या सावकाश, की त्याला बरोबर चालता यावे.

वस्तीवरचे केंद्र ठरल्यापेक्षा अकरा आठवडे उशिरा उघडले. लग्न त्यानंतर पाच महिन्यांनी झाले. पहिल्या वर्षात केंद्रावर उपचार घेतलेली माणसे: एकशे त्र्याऐंशी.