डिझेलात बांधलेली झोळी

रात्रीचे नऊ चाळीस झाले होते. दहा डिसेंबर, बुधवार. सलिमानं पाच महिन्यांच्या मेहकला खांद्यावर टाकलं, नवऱ्याचा डबा घेतला आणि रुळाच्या कडेकडेनं निघाली. हे ऐकीव नव्हं, पोरांनो. सलिमाचा सासरा वीस वर्षं माझ्यासोबत इंजिनावर होता. मोना, हसायचं असलं तर आत जाऊन झोप.

सलिमाचा नवरा रिजवान भंगारवाल्या ठेकेदाराकडं राखणीला होता. राखायचं काय, तर एक जुनं डिझेल इंजिन. कोळशाची इंजिनं गेली तेव्हा आलेल्या पहिल्या डिझेलांतलं. त्याच्या पोटात डिझेलवर वीज तयार व्हायची आणि त्या विजेवर चाकं फिरायची. रात्री आम्ही ते बंद करत नसू, गारठलं की सकाळी रुसायचं. आता रुळांवर विजेच्या तारा आल्या. त्याच्या बॅटऱ्या काढल्या, टाकी कोरडी केली आणि रुकडी स्टेशनाच्या अलीकडं बाजूच्या रुळावर आणून उभं केलं.

"लेकराला घिऊन आलीस? थंडी काय कमी हाय?" रिजवान शेकोटीपाशी बसला होता.

"घरात झोपतीय व्हय ती? अम्मी म्हणाल्या, ने बापाकडं, त्याची बी झोप उडू दे."

शेकोटीतलं जाडजूड लाकूड बघून सलिमा थबकली. "हे कुठलं वो?"

"चाकाखालचं अडसराचं गुटकं. एक जळालं, दुसरं आत्ताच टाकलंय. हाताचा ब्रेक आवळलाय की मी. मेलेलं इंजिन जातंय कुठं?"

इंजिनावरच्या माणसाचं पोर, आणि गुटकं जाळतंय... असू दे.

वारं लागायला नको म्हणून सलिमानं पोरीला वर केबिनमध्ये नेलं, ओढणीची झोळी बांधली. मेहक दोन झोक्यांत झोपली. रोज पहाट करणारी पोर. तिथंच सलिमाला शंका आली. तिनं झोळीला हात लावला. झोळी बारीक थरथरत होती, खाली यंत्र चालू असल्यासारखी.

"सलिमा, खाली ये जरा."

रिजवानची हाक. इंजिनाच्या मागून, अंधारातनं. ती उतरून मागं गेली. कुणी नव्हतं.

रिजवान शेकोटीपाशीच. भाकरी मोडत होता.

"मला का बोलिवलं?"

"मी? न्हाय."

चेष्टा करतोय, असं तिला वाटलं. मग वाटलं, तांब्याची तार चोरायला कुणी आलं असंल...

वर केबिनचं दार लागलं. सावकाश. आतनं.

"आत कोण हाय?"

चाक हललं. आवाज नाही. धूर नाही. तिथं उतार पण नाही, मी स्वतः गाड्या उभ्या केल्यात तिथं. नुसतं... चाललं.

पुढं हा रूळ मेन लाईनला मिळतो तो सांधा. मिरजेकडनं गाडीचा उजेड दिसायला लागलेला.

सलिमा दाराला लोंबकळली. दार उघडेना. रिजवाननं पेटतं गुटकं नुसत्या हातांनी उचललं आणि पळत जाऊन पुढच्या चाकासमोर टाकलं. चाक चढलं... कुरकुरलं... अडलं. सांध्याच्या जरा अलीकडं. गाडी शेजारून निघून गेली.

मग दार आपसूक उघडलं.

मेहक झोपलेली. हाताचा ब्रेक पार सुटलेला. आणि ड्रायव्हर उतरताना एक दांडा काढून बरोबर नेतो, त्याच्याशिवाय इंजिन पुढंही जात नाही, मागंही नाही. तो दांडा महिन्याभरापूर्वीच काढून नेलेला. आता तो जागेवर बसलेला होता. रिजवाननं बोट लावलं.

गरम.

घरी उजेडात सासूनं पोरीचं टोपरं सोडलं. "ही तीट कुणी लावली गं?"

गालावर काळा, गोल ठिपका. मोठ्या माणसाच्या बोटाएवढा. सलिमानं वास घेतला... ग्रीस.

साबणानं धुतलं, खोबरेल चोळलं. अजून तसाच आहे. मी बघितलाय.

ते इंजिन काही तोडलं नाही. रंग देऊन कुठल्याशा बागेत ठेवणार म्हणं, पोरांना चढायला. कुठली बाग, ते कुणी सांगत नाही. म्हणून उद्या आपापल्या आईला सांगा, शेजारणीला सांगा, माहेरवाशिणीला फोन करा... जुनं डिझेल दिसलं, तर झोपलेलं लेकरू त्यात एकटं ठेवू नका. आणि खालनं आपल्या माणसाची हाक आली, तरी उतरू नका.