तेविसाव्या कलमावरची शांतता

सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात भाषागणित प्रयोगशाळा होती. जिथे पूर्वी चात्या फिरत, तिथे आता गणकांची कपाटं उभी होती. ती थंड ठेवण्यासाठी सोडलेल्या गार हवेमुळे भर मे महिन्यातही निर्झरा खोब्रागडे स्वेटर घालून काम करत असे. संख्याशास्त्रात एमएस्सी झाल्यावर ती डॉ. श्रीरंग धामणस्करांकडे संशोधन सहायक म्हणून रुजू झाली होती.

त्या सकाळी तिच्या पडद्यावर एकाच कायद्याचे दोन मसुदे शेजारी शेजारी उघडे होते. कायदा होता नामनोंदणीचा. आंतरजालावर टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रत्येकाचं खरं नाव त्याच्या जोडणीवरून शोधून संवाद नियमन मंडळाच्या 'नामपेटी'त जमा होणार होतं. मागच्या तीन वर्षांत ज्यांनी लिहिलं होतं, तेही त्यात येणार होते. पेटी कुलूपबंद राहील, ज्याच्याविषयी शंका येईल तेवढंच नाव उघडलं जाईल, असं मंडळाचं म्हणणं होतं.

पहिला मसुदा आला तेव्हा 'खुसपट'वर नेहमीप्रमाणे त्याची चिरफाड झाली होती. खुसपट हा तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि जालधोरणं यांची टिंगल करणाऱ्यांचा मराठी चर्चामंच होता. निर्झरा तिथे 'शेवटचा दशांश' या नावाने लिहायची. मंचाची एक जुनी प्रथा होती. मसुदा आला की कलमं वाटून घ्यायची आणि एकही कलम टिंगलीवाचून सोडायचं नाही. 'संक्षिप्त नाव व प्रारंभ' एवढंच म्हणणाऱ्या पहिल्या कलमालाही कुणीतरी चिमटा काढायचाच. या वेळी एका कलमात लिहिलं होतं की हा नियम मृत व्यक्तींना लागू नाही. त्यावर 'अटीमान्य आत्माराम' या सभासदाने जाहीर केलं, "आजपासून मी कैलासवासी. श्रद्धांजल्या खाली लिहाव्यात." दोन दिवस लोक श्रद्धांजल्या लिहीत होते. दुसऱ्या एका कलमानुसार नेटवर्क नसल्यास ऑनलाइन अर्ज करायचा होता. 'ओटीपीची वाट' हिने विचारलं, की आमच्या गावात असला अर्ज डोंगरावर चढून करावा लागतो, तर चढणीचा भत्ता कोण देणार?

दुसऱ्या मसुद्यात मृतांच्या कलमाला 'मृत्यूचा दाखला जोडल्यास' अशी पुस्ती होती. नेटवर्कचं कलम बदललं होतं. निर्झराने एकेक कलम ताडून पाहिलं. जिथे जिथे खुसपटवर हशा पिकला होता, तिथली फट बुजलेली होती.

तिने धामणस्करांना बोलावलं. ते चहाचा कप घेऊन आले, खुर्ची ओढून बसले आणि पडद्याकडे पाहून त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही.

"हसू कुठे येतं, सांग," ते म्हणाले. "नियमाला म्हणायचं असतं एक, आणि त्याचे शब्द लागू पडतात भलत्यालाच. या दोहोंमध्ये जे अंतर राहतं, तिथे माणूस हसतो. फट दिसल्याशिवाय विनोद सुचत नाही."

"म्हणजे मंडळ आमचे विनोद वाचतं?"

"मंडळ नाही, मसुदायंत्र. आणि त्याला विनोद कळत नाही, कळायची गरजही नाही. कुठल्या कलमाखाली किती माणसं हसली, एवढं ते मोजतं. त्याला हास्यघनता म्हणतात. घनता जास्त, तिथे फट. मग तिथे गिलावा."

हास्यघनतेचं सूत्र मंडळासाठी त्यांनीच बसवून दिलं होतं. ते त्यांनी तसं सरळ सांगितलं. हे गोपनीय आहे, असंही सांगितलं आणि हसून म्हणाले, "पण तू गप्प बसणार नाहीस. तुझ्या वयाला ते शोभतं."

निर्झरा गप्प बसली नाही. खुसपटवर दोन माणसांवर तिचा पूर्ण विश्वास होता, त्यांना तिने मंचाच्या खासगी दालनात बोलावलं. उघडं लेखन यंत्र वाचत असे. दालनं तोपर्यंत त्याच्या कक्षेबाहेर होती. पहिले होते मंच चालवणारे तन्वीर मुजावर. मिरजेत त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. दुसरी होती 'जुनी वायर'. तिचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. ती एका दूरसंचार कंपनीत कामाला होती आणि कंपनीच्या खोलीखोलीत बसवलेल्या 'कानपेट्यां'विषयी, म्हणजे ग्राहकांची संभाषणं परस्पर उतरवून घेणाऱ्या यंत्रांविषयी, तिने खुसपटवर सविस्तर लिहिलं होतं. तेव्हापासून कंपनी तिला शोधत होती. तिचं नाव उघड झालं तर नोकरी जाणार होतीच, पण गुपितं फोडल्याबद्दल तुरुंगही होता. निर्झरा मंचावर नवीन असताना तिचे विनोद कुणाला कळत नसत. जुनी वायर तिला दालनात बोलावून समजावायची, की अगं दशांश, आकडा आधी सांगायचा नसतो, शेवटी टाकायचा असतो.

निर्झराने दोघांना सगळं सांगितलं. इतकी वर्षं ज्यांना आपण टोचतोय असं वाटत होतं, त्यांचं शिवणकाम आपणच फुकट करून देत होतो, असं जुनी वायरने लिहिलं.

उपाय तन्वीरभाईंना सापडला. दुसऱ्या मसुद्यात नव्याने आलेलं तेविसावं कलम म्हणत होतं की नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक सूचनाफलकाला हा नियम लागू नाही. तन्वीरभाई स्वतः मिरजेतल्या एका सोसायटीचे सचिव होते. खुसपट त्या सोसायटीचा सूचनाफलक करून टाकायचा आणि सगळ्यांना सहयोगी सभासद करून घ्यायचं. कायदा लागू होण्याआधी फलक उभा राहिला की मंचावरचं जुनं लेखनही त्याच्याच आश्रयाला येत होतं. फक्त सभासद झालात की गच्चीच्या गळतीवरही मत द्यावं लागेल, एवढी एक अडचण त्यांनी नोंदवली.

कलम शिल्लक राहायला हवं असेल तर त्यावर कुणी हसता कामा नये, हे उघड होतं. दुसऱ्या मसुद्याच्या चिरफाडीसाठी कलमं वाटताना तन्वीरभाईंनी तेवीस स्वतःकडे ठेवलं आणि त्यावर काहीच लिहिलं नाही. सूचनाफलकावर काय हसायचं, म्हणून कुणी विचारलंही नाही. बाकीच्या कलमांवर मात्र मंच अक्षरशः तुटून पडला. निर्झराने स्वतः सहा कलमं घेतली. यंत्राला भरपूर चारा मिळावा, असा तिचा हेतू होता.

अंतिम कायदा जाहीर झाला तेव्हा तेविसावं कलम त्यात नव्हतं.

ते बदलून अर्धवट ठेवलं असतं तरी योगायोग म्हणता आला असता. ते मुळापासून काढलं होतं. आणि ते कशासाठी हवं होतं, हे तिघांनाच ठाऊक होतं. निर्झराने हा प्रश्न गणितासारखा सोडवला आणि तन्वीरभाईंना फोन लावला.

"तिघांतलं कुणीतरी बोललंय, तन्वीरभाई. मी बोलले नाही. जुनी वायर बोलणार नाही, तुरुंगात तिलाच जावं लागेल. उरलं कोण?"

पलीकडे दुकानात कुणीतरी बल्ब तपासत असावं. चालू-बंद, चालू-बंद असा खटक्याचा आवाज येत होता.

"हिशेब बरोबर आहे बेटा तुझा," तन्वीरभाई म्हणाले. "फक्त माणूस चुकलाय."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मंचाच्या किल्ल्या बफरिंगबुवा नावाच्या सभासदाकडे देऊन ते निघून गेले. कारण त्यांनी दिलं नाही. तेच फुटले, असं निर्झराने दालनात जुनी वायरला सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, की तुझी खात्री आहे ना? निर्झराने हो म्हटलं.

आठवड्याने धामणस्करांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांच्या पडद्यावर एक आलेख होता. प्रत्येक कलमाला हास्यघनतेचा एक खांब. काही उंच, काही बुटके. पण सगळ्यांना काही ना काही उंची होती. एका जागी मात्र खांबच नव्हता. त्याखालचा आकडा वाचायची निर्झराला गरज पडली नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तरी तिने विचारलं.

"कुणीच नाही. तुमच्या मंचाची प्रथा काय, की एकही कलम सोडायचं नाही. 'संक्षिप्त नाव व प्रारंभ' यावर अकरा विनोद आहेत. मग एका कलमावर एकही नाही, याचा अर्थ काय होतो?" ते वर्गात विचारावं तसं विचारत होते. "ज्या फटीची तुम्ही टिंगल करता, ती तुम्हाला नको असलेली फट. ती बुजवून मंडळाला फारसं काही मिळत नाही. हवी असलेली फट माणूस झाकतो. माझ्यापुढचा खरा प्रश्न झाकणं मोजायचा होता. आणि आपल्यावर नजर आहे हे कळल्याशिवाय कुणी काही झाकत नाही."

गणकांची घरघर भिंतीपलीकडून येत होती. निर्झरा आलेखातल्या त्या रिकाम्या जागेकडे पाहत होती.

"म्हणून तुम्ही मला सांगितलंत."

"तू ते योग्य माणसांना सांगशील, ही खात्री होती. दुसरा कुणी असता तर त्याने मंचावर बोंब मारली असती आणि सगळेच गप्प झाले असते. मग आलेख सपाट. काहीच दिसलं नसतं." त्यांनी कप खाली ठेवला. "शोधनिबंधावर तुझं नाव दुसरं टाकलंय. माझ्यानंतर लगेच."

तन्वीरभाईंच्या दुकानातला तो खटक्याचा आवाज तिला आठवला. नाव काढून टाका, असं ती म्हणाली. धामणस्करांनी मान हलवली. ती शांत झाली की पुन्हा विचारू, असा त्याचा अर्थ होता. मग कामाचं बोलावं तसे ते पुढे बोलले. आता नामपेटीतली कुठली नावं उघडायची, हे ठरवण्यासाठी मंडळाला हीच पद्धत वापरायची होती. कलमांच्या जागी माणसं. खुसपटवर प्रत्येक जण प्रत्येकाची टर उडवतो; तेव्हा ज्याच्या वाटेला कुणीच जात नाही, त्याला सगळे मिळून जपतायत. कायद्याने आता खासगी दालनंही मोजणीत आली होती.

त्यांनी नवा आलेख उघडला. खांबांखाली टोपणनावं अजून भरलेली नव्हती. "हा एक बघ, कायदा आल्यापासून सपाट होत चाललाय. सोमवारच्या मोजणीत नाव उघडेल. कोण आहे हे मला माहीत नाही, आणि जाणून घ्यायचंही नाही."

निर्झराला माहीत होतं.

घरी पोचल्यावर तिने खुसपट उघडलं आणि मागचे सगळे धागे चाळले. बफरिंगबुवांची टर उडवणारे विनोद होते, आत्मारामच्या श्रद्धांजल्या अजून चालू होत्या, निघून गेलेल्या तन्वीरभाईंवरही चार-दोन होते. जुनी वायरवर एकही नव्हता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या काळजीने प्रत्येकाने आपापला हात आखडता घेतला होता.

तिला सावध करावं, तर दालनातला तो निरोपच यंत्राला सगळं सांगणार. तिचा फोन नंबर, गाव, नाव, काहीच निर्झराकडे नव्हतं. इतरांना 'तिची टर उडवा' असं सांगणं म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणंच. आणि काहीच न लिहिणं काय करतं, ते तिने सकाळीच आलेखात पाहिलं होतं. करण्यासारखी एकच गोष्ट उरत होती, आणि ती सौम्य करून चालणार नव्हती. हसू यायला हवं होतं. तिने आकडा शेवटी टाकला.

"जुनी वायर म्हणे कानपेट्या पाहून आली. मला वाटतं कॅन्टीनमधले जेवणाचे डबे असावेत. करंट कधीच गेलाय बाईंचा, पण ठिणग्या पाडायची हौस जात नाही. आतापर्यंतच्या लेखांत पुरावे: शून्य पूर्णांक शून्य."

 पहिली हसण्याची खूण बफरिंगबुवांनी टाकली. ओटीपीची वाट हिने विचारलं, की डब्यात भाजी कसली होती? ज्यांनी इतके दिवस जीभ आवरली होती, त्यांना जणू परवानगी मिळाली. जुनी वायरचं ते लेखन मुळात खरं होतं का, असं एकाने गंभीरपणेच विचारलं, आणि त्यावरही लोक हसले.

जुनी वायरचं उत्तर बरंच उशिरा आलं.

"दशांश, बाकीच्यांचं मी समजू शकते. तू तर सगळं वाचलं होतंस. तन्वीरभाईंनंतर माझी पाळी आहे, हे आधी सांगितलं असतंस तर मी स्वतःच उठले असते."

त्याखाली तिने आपलं खातं बंद केल्याची मंचाची करडी ओळ उमटली.

खुसपटवर रुसून जाणारे नेहमीचेच. असा कुणी गेला की त्याच्या पाठीवर एखादी कोटी पडायचीच. ती पडली नाही तर मोजणाऱ्याला ते वेगळं दिसलं असतं, आणि खातं बंद झालं तरी नाव नामपेटीत होतंच. बाकीचे सगळे गप्प होते, बहुधा शरमेने. निर्झरा कळफलकावर हात ठेवून बसली होती. कुणीतरी लिहील म्हणून तिने वाट पाहिली. कुणी लिहिलं नाही.

"जाताना दार लावून घ्या," तिने लिहिलं. "एसी चालू आहे."

खाली हसण्याच्या खुणा एकेक करून पडू लागल्या. पुरेशा होईपर्यंत ती त्या मोजत राहिली.