पांढरी गाडी, निळी गाडी

"आई, त्यांना विचार, गियरची घेऊ की बिनगियरची?"

'ते' म्हणजे तिचे सख्खे वडील, आणि बसले होते कुठे, तर तिच्याच समोर, त्याच टेबलापाशी! पण गेली सहा वर्षं या घरात बाप-लेकीचं बोलणं असंच आईच्या तोंडून जायचं आणि आईच्याच कानावर पडायचं... टेबलावर दोन छोट्या गाड्यांची माहितीपत्रकं पसरली होती. एक पांढरी, क्लच-गियरवाली. दुसरी निळी, आपोआप गियर बदलणारी. बाकी दोन्हींत डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं.

"तिला सांग," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "ज्याला क्लच कळला, त्यालाच गाडी कळली. बिनगियरची गाडी म्हणजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं!"

अहो, कशाला बोलता हो असं, कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता... पण हे आई मनातच म्हणाली. मनातल्या मनात बोलण्यात तिचा जन्म गेला होता.

मास्तरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ गाडीत त्यांच्याही पायाशी एक क्लच, एक ब्रेक असायचा. शिकणाऱ्याचा पाय चुकला की यांचा पाय हजर! जिभेला मात्र ब्रेक नव्हता. सहा वर्षांपूर्वी लेक शिकायला बसली, चढावर गाडी तीनदा बंद पडली, आणि मागे दोन परके शिकाऊ बसलेले असताना हा बाप म्हणाला, "पोरी, तुझ्या पायात अक्कलच नाही. तुला जन्मात जमायचं नाही!" लेक तिथंच, भर रस्त्यात उतरली. त्यानंतर ती कधी चालकाच्या सीटवर बसली नाही, आणि 'बाबा' हा शब्द तिच्या ओठांवर आला नाही. दोघंही हट्टी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!

मग आईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दोन बस बदलून. तिला सांभाळून नेता-आणता लेकीच्या दोन नोकऱ्या सुटल्या. आता तिसरी मिळाली होती, चांगली, मनाजोगती, पण दूरच्या शहरात. लेकीनं निक्षून सांगितलं होतं, "दारात गाडी आली आणि ते तुला नेऊ लागले, तरच मी जाईन. नाही तर नाही." होती नव्हती ती शिल्लक तिनं गाडीसाठी काढली होती.

आणि मास्तरांचा डावा पाय, क्लच दाबायचा तोच, मेला होता!

हे आईला ठाऊक होतं. साखरेच्या दुखण्यानं पाय कधी बधिर झाला ते त्यांनाही कळलं नसेल. रस्त्यात डाव्या पायातली चप्पल निसटली तरी ते दहा पावलं तसेच चालत गेले होते. त्यांची नखं काढताना तिच्या हातून करंगळी कापली, रक्त आलं, आणि हे आपले पेपरातली बातमी वाचून दाखवताहेत! "कंटाळा आला" म्हणून शिकवणं सोडलं, त्याचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. पण तो अभिमानी माणूस बोलला नाही, म्हणून तीही बोलली नाही. उजवा पाय ठणठणीत होता, बिनगियरच्या गाडीला तेवढा पुरतो. निळी गाडी आली असती, तर सगळंच राखलं गेलं असतं... मास्तरांचा मान, लेकीची नोकरी आणि तिचा जीव!

म्हणून शोरूममध्ये ती दोन्ही गाड्यांत बसली आणि लहान मुलासारखी हटून म्हणाली, "मला निळीच हवी. हिला धक्के बसत नाहीत."

मास्तरांचा चेहरा असा काही उजळला! पण तोंडानं मात्र, "बाईमाणसाची आवड! बरं, आजारी माणसाच्या मनासारखं होऊ दे. घेऊ बापडी निळी..."

देवा, पावलास! आईनं डोळे मिटले. आणि तेवढ्यात लेक पुढे झाली, थेट बापासमोर उभी राहिली.

"बाबा!"

सहा वर्षांनी!

"तुम्ही आईसाठी मन मारताय, मला कळत नाही का? क्लचवर तुमचा जीव आहे. आणि आईला धक्का बसू न देणारा पाय तुमच्याशिवाय कुणाचा आहे हो? मी आजवर तुमच्या मनासारखं एक काम केलं नाही... एवढं करू द्या. पांढरीच घ्यायची!"

मास्तरांनी लेकीला छातीशी धरलं. तो पहाडासारखा माणूस सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. "चुकलं गं पोरी, माझं फार चुकलं... त्या दिवशी जीभ झडली असती तर बरं झालं असतं!"

आईनं तोंड उघडलं होतं. सांगावं? आत्ता, या घडीला, त्या मिठीत शिरून सांगावं की यांचा पाय गेलाय? मग लेक ही नोकरीही सोडणार, आणि बाप पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार... तिनं ओठ मिटून घेतले. कागदांवर सह्या झाल्या, गाडी लेकीच्या नावावर झाली.

लेक नोकरीवर गेली. पहिल्याच डायलिसिसच्या दिवशी मास्तरांनी गाडी फाटकापर्यंत आणली, आणि ती हिसका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद! तिसऱ्यांदा क्लच किती दाबला गेलाय ते बघायला मास्तर खाली वाकले, आणि गाडी फाटकावर जाऊन धडकली. आईला लागलं नाही. मास्तरांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"मला पायच कळत नाही गं..."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

गाडी बदलायची तर लेकीची सही लागणार, सही मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण कळलं की ती दुसऱ्याच दिवशी सामान घेऊन दारात! आईनं त्यांच्याकडून वचन घेतलं, यातलं अक्षरही लेकीला कळता कामा नये.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. डायलिसिसच्या दिवशी दोघं अंगणात उभ्या गाडीत बसायची, मास्तर इंजिन सुरू करायचे, आणि लेकीला फोन लावायचे. "निघालो बरं का!" मग इंजिन बंद करून, एकमेकांना धरून, कोपऱ्यावरची बस गाठायची; रिक्षाला पैसे उरले नव्हते. कधी मिळायची. कधी चुकायची. चुकली की आईची मशीनवरची पाळी दुसऱ्याला जायची. तिच्या पावलांवर सूज चढू लागली होती, आणि डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन बजावलं होतं, आता एकही पाळी चुकली तर काही खरं नाही.

आजही गाडीत बसून "निघालो" म्हणून झालं, पण फोनवर लेक बोलायचं थांबेना! नोकरीतल्या गमती सांगून झाल्या, वरिष्ठाची नक्कल करून झाली, मास्तर खो-खो हसले, आणि मग तिचा आवाज एकदम ओला झाला.

"बाबा, खरं सांगा हं. मी बरोबर निवडली ना गाडी?"

मास्तरांनी घड्याळाकडे बोट दाखवून आईला खुणावलं, बस येईल, ठेवायला सांग आता... आईनं मान हलवली. नाही. सहा वर्षं हे दोघं तिच्या तोंडून बोलले होते. आज लेक बापाशी बोलत होती.

"सांगा ना तिला," ती पुटपुटली.

"बरोबर निवडलीस, पोरी," मास्तर म्हणाले. "एकतीस वर्षांत अशी गाडी हाताखालून गेली नाही माझ्या."

लेक रडत-हसत बोलतच राहिली. कोपऱ्यावर बस आली, थांबली, आणि निघून गेली. मास्तर फोन कानाला लावून डोळे पुसत होते. आईनं सीटला मान टेकवली आणि आपले सुजलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले.