उजवा सांधा

मी जबड्याची ऑपरेशनं करते. जळगावात हे सांगितलं की लोक आधी आपली अक्कलदाढ दाखवतात. त्यामुळे धरणगावहून ऋतिका आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. विशीतली मुलगी, खालचा जबडा पुढे आलेला आणि डावीकडे कललेला. पुढचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. भाकरी हाताने तोडून ती दाढांकडे सरकवायची. सोबत आई, सुनंदाबाई. कापूस वेचून बोटं चिरलेली, पण चेहरा इतका रेखीव की लेकीने हा जबडा आणला कुठून, असं वाटावं.

ऑपरेशन छान झालं. दोन्ही बाजूंनी हाड कापून जबडा मागे घेतला, पट्ट्या आणि स्क्रू बसवले, वरचे-खालचे दात रबराने बांधून ठेवले. खरी धाकधूक त्यानंतर असते. जबड्याची दोन टोकं दोन्ही कानांपुढच्या खोबणीत बसतात. पेशंट भूल घेऊन झोपलेला असतो तेव्हा ती अगदी शहाण्यासारखी जागेवर असतात. रबर काढले की एखादं आपल्या मनाने सरकतं आणि सगळा जबडाच त्याच्यामागे जातो.

ऋतिकाचं तेच झालं. रबर काढले, तिने तोंड उघडलं आणि उजव्या कानापुढे 'टक्' असा आवाज आला. मला तो हातभर अंतरावरून ऐकू आला. स्कॅनमध्ये उजवं टोक खोबणीतून खाली उतरलेलं दिसलं. पुढच्या दातांत पुन्हा फट पडायला लागली होती.

"असंच सरकत राहिलं तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल," मी सांगितलं.

पेज पिऊन पिऊन पोरगी अर्धी झाली होती. "पुन्हा नको, मॅडम," एवढंच म्हणाली. त्या दुपारी मला डबा गेला नाही.

सुनंदाबाई उठल्या. लेकीच्या गालांवरून दोन्ही तळवे कानांपासून हनुवटीपर्यंत हळूच फिरवले आणि मग मुठी स्वतःच्या कानशिलांवर टेकवून बोटं मोडली. कडाकड. अशी आलाबला सगळ्याच आया घेतात, माझीही घ्यायची. पण ताज्या सांध्यापाशी असले लाड मला खपत नाहीत.

"जपून, अक्का. सांधा हलेल तिचा."

"दाबत नही, मॅडम," त्या म्हणाल्या. "फक्त काढी लेस."

काय काढून घेतात, ते न विचारता मी नवे रबर लावले आणि त्यांना घरी पाठवलं.

पुढच्या खेपेला ऋतिकाचा 'टक्' दबलेला होता. दात जवळ आले होते. स्नायू सैलावले की कधीकधी असं होतं, पुस्तकातही लिहिलेलं आहे. स्कॅन काढणारा जितेंद्र फिल्म घेऊन स्वतः आत आला.

"मॅडम, ही त्याच पेशंटची आहे ना? मी नाव दोनदा बघितलं."

उजवं टोक खोबणीत परत चढत होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी सगळ्यांना चहा मागवला. सुनंदाबाईंनी तो बशीत ओतला आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सावकाश ओढून घेतला.

तिसऱ्या खेपेला आवाजच गेला होता. मी ऋतिकाच्या कानापुढे बोट ठेवून तिला तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं. सांधा तेल घातलेल्या बिजागरीसारखा फिरत होता. स्कॅनमध्ये दोन्ही टोकं जिथे असायला हवीत तिथेच होती. रबर मी कायमचे काढून टाकले. तिने डब्यातून कळण्याची भाकरी काढली आणि माझ्यासमोर तिची कडक कड पुढच्या दातांनी तोडली. माझे डोळे भरून आले. सुटलो एकदाचे, असं मी मोठ्यानेच म्हणाले.

"अक्का, तुम्हीही घ्या."

सुनंदाबाईंनी आल्यापासून गालावर ओढलेला पदर बाजूला केला. भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवला. तोंड उघडलं.

टक्.

त्यांची हनुवटी डावीकडे गेली होती. पुढचे दात मिटत नव्हते.

"हे कधीपासून?"

"व्हस तसं. वय शे."

मी त्यांचाही स्कॅन काढायला लावला. तो येईपर्यंत ऋतिका भाकरी खात होती आणि कॉलेजबद्दल बोलत होती. मी हो हो करत होते.

स्कॅन आला. मी लेकीचा सांधा उतरला तेव्हाचा स्कॅन स्क्रीनवर घेतला आणि त्यावर आईचा ठेवला. वय वेगळं, हाडं वेगळी. उजवं टोक मात्र त्याच जागी, तितकंच उतरलेलं. दोन्ही कडा एकमेकींवर अशा बसल्या की एकच रेघ दिसत होती.

त्या जबड्याला मी कधी हात लावला नव्हता.

मला भीती वाटली. "तुमचा सांधा मी बसवून देते, अक्का. सगळं करून देते."

"नको."

"त्रास होईल तुम्हाला."

"होऊ द्या. आठून निंघनं ते कोठे जाई?" इथून निघालं तर ते जाईल कुठे, असं विचारत त्यांनी लेकीकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणून यावर मी हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही.

ऋतिका हात पुसून आईसमोर आली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. "आई, आज मी तुनी आलाबला लेस," म्हणत तिने दोन्ही तळवे आईच्या गालांकडे नेले.

सुनंदाबाई मागे सरकायच्या आत मी तिची मनगटं धरली.

घट्ट.

"आईच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

ऋतिकाला ती थट्टा वाटली. ती हसली. दात सगळे जुळलेले, हनुवटी सरळ.

"किती दिवस, मॅडम?"

सुनंदाबाईंनी पदर पुन्हा गालावर घेतला.

"मी जित्ती शे तवलगून," त्या म्हणाल्या.